एक तोळा शिसं

सोलापुरात सात रस्त्यावरच्या शासकीय विश्रामगृहापासून थोडं पुढं एक चहाची गाडी आहे. सकाळी फिरून आलो की मी तिथं थांबतो. परवा शेजारी चार पोरं उभी होती. कॉलेजची असावीत. मध्ये एक मोबाईल, चौघांची डोकी त्यात. कानावर पडलं ते असं :

"एकशेपन्नास ग्रेन लई हलकी बे. मोठ्या डुकराला एकशेऐंशीच पायजे."

"आन मेंढ्याला?"

"मेंढ्याला एकशेपन्नास बास."

मेंढ्याला गोळी! मी पासष्ट वर्षं या जिल्ह्यात काढली. मेंढ्याला हळद लावलेली पाहिली, त्याच्या टकरी पाहिल्या, आटपाडीच्या बाजारात माडग्याळी मेंढ्यावर लाखांच्या बोल्या ऐकल्या. पण मेंढा मारायला किती वजनाची गोळी लागते, हा प्रश्न आजवर कुठल्या धनगराच्या तोंडून ऐकला नव्हता. तो मला सात रस्त्यावर ऐकायला मिळाला, तोही अशा पोराकडून, ज्यानं मेंढी बहुधा ताटातच पाहिली असेल.

मी विचारलं, "कुठल्या मेंढ्याचं चाललंय?" त्यांनी व्हिडिओ दाखवला. टेक्सास. कुंपणाच्या आत बाहेरून आणून सोडलेले बाकदार शिंगांचे मेंढे, दर नगावर ठरलेला, पैसे मोजा आणि मारा. कोंडलेलं जनावर मोल देऊन मारणं याला आपल्याकडं खाटीकखाना म्हणतात. तिथं त्याला शिकार म्हणतात आणि डोक्यावर शिकाऱ्याची टोपी घालतात. आपल्या देशातले रानमेंढे म्हणजे हिमालयातले भरल, नयन, उरियल. तिन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. त्यांच्याकडं बंदूक रोखणाऱ्याला ग्रेनचा हिशेब तुरुंगात बसून करावा लागेल. तेव्हा मेंढ्याचा विषय इथंच संपला.

शेतात शिरणाऱ्या रानडुकराचा मात्र संपत नाही. म्हणून हा लेख.

आधी पोरांची झाडाझडती. ज्या पॉइंट तीनशे आठच्या गोळीवर त्यांचा वाद चालला होता, ती झाडणारी बंदूक भारतात साध्या नागरिकाला मिळतच नाही. तिच्यात लष्कराचं ७.६२चं काडतूस बसतं, आणि लष्करी काडतूस ज्यात बसतं ती बंदूक आपल्या शस्त्र कायद्यात निषिद्ध बोअरची ठरते. म्हणजे जी बंदूक हातात येणार नाही, तिच्यातली जी गोळी विकत मिळणार नाही, तिनं जो मेंढा या देशात मारता येणार नाही, त्याच्यावरून ही मंडळी चहा गार करत होती. हे गाव वन्यजीव अभ्यासक मारुती चितमपल्लींचं. त्यांचा जन्म इथला आणि २०२५च्या जूनमध्ये अखेरचा श्वासही इथलाच. मधलं आयुष्य त्यांनी रानात पायी फिरून काढलं. त्याच गावातल्या या पोरांना गोळीच्या टोकाचा आकार पाठ आहे, आणि शहराजवळ नान्नजच्या माळावर काळवीट चरतं ते त्यांनी पाहिलेलं नाही. मी विचारलं तेव्हा एकजण म्हणाला, "रील पाहिलीय ना काका."

पण त्यांच्या प्रश्नाला मी हसणार नाही. प्रश्न खरा आहे. एकशेऐंशी ग्रेन म्हणजे किती, ठाऊक आहे? बरोबर एक तोळा. इंग्रजांनी १८३३ साली तोळ्याचं वजन बांधून दिलं तेच मुळी १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. सराफाकडं एक तोळा तोलताना आपण श्वास रोखून काट्याकडं बघतो. जनावराच्या अंगात एक तोळा शिसं घालताना मात्र कुणाला काटा नको असतो.

आता गोळीचं शास्त्र थोडक्यात. एका जातीच्या गोळीवर पुढपासून मागपर्यंत कडक धातूचं वेष्टण असतं. ती सुईसारखी आरपार जाते. जनावर उभं राहतं, पळतं आणि कोसभर लांब जाऊन काही तासांनी मरतं. दुसरी मऊ नाकाची. तिच्या टोकाला शिसं उघडं ठेवलेलं असतं. अंगात शिरताच ती अळंबीसारखी फुलते आणि आपला सगळा जोर आतच सोडते. डुकरासारख्या जनावराला हीच लागते. पण फुलणारी गोळी फार हलकी असली तर तीही फसते, कारण जुन्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट थराची ढाल असते. वय वाढतं तशी ती घट्ट होते आणि दुसऱ्या नरांचे सुळे झेलते. हलकी गोळी या ढालीतच फुटून संपू शकते. म्हणून तिला वजन लागतं. आणि वजन असूनही नेम चुकला तर सगळं व्यर्थ. डुकराचं काळीज आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच खाली, पुढच्या पायांच्या मध्ये असतं. पाठीवरच्या उभ्या आयाळीमुळं जनावर आहे त्याहून उंच दिसतं. नवखा माणूस पाठ धरून नेम घेतो आणि गोळी केस विंचरून जाते, नाहीतर आतडी फाडते.

हे मला कुणी शिकवलं? मोहोळ तालुक्यातल्या माझ्या मामानं. तेही अपघात होऊन गेल्यावर.

मामाकडं शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. तोंडातून दारू घालायची, चिंध्या कोंबायच्या, छर्रे ओतायचे, पुन्हा चिंध्या, मग गजानं ठासायचं आणि टोपी बसवायची. छर्रे संपले की सायकलच्या बेअरिंगमधल्या गोळ्या. नळीला आतून आटे नाहीत, त्यामुळं गोळीला पीळ नाही. पंचवीस पावलांच्या पुढं ती कुठं जाईल ते तिलाच ठाऊक. एक बार काढल्यावर दुसरा भरेपर्यंत विडी ओढून होते. विधानसभा असो, लोकसभा असो की जिल्हा परिषद, आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून निरोप यायचा : बंदूक जमा करा. मामा इमानानं जमा करायचा. डुकरांना आचारसंहिता लागू नव्हती.

मामानं ही बंदूक हौसेनं घेतली होती असं समजू नका. कायद्यानंच ती त्याच्या हातात दिली. शस्त्र अधिनियम, १९५९. कलम १३ उघडून बघा. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी परवाना द्यायचा तो कशाचा? ठासणीच्या बंदुकीचा. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर फार तर दुसरी एखादी गुळगुळीत नळीची. आटे असलेली, नेम धरणारी रायफल या वाटेनं मिळायची नाही. राज्यातल्या राज्यात खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ३१५ बोअरची २४४ ग्रेनची मऊ नाकाची गोळी बनते. सव्वा तोळ्याहून जास्त वजनाची, डुकराच्या ढालीला पुरून उरेल अशी. पुण्याशेजारी बनणारी ही गोळी मोहोळच्या शेतकऱ्याच्या वाट्याला येत नाही. त्याच्या वाट्याला चिंध्या आणि बेअरिंग.

आता शेजारचा कायदा बघा, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२. शिकारीला बंदी. मला ती बंदी मान्य आहे, शंभर टक्के मान्य आहे. हौसेसाठी जनावर मारणाऱ्याशी माझं काही देणंघेणं नाही. पण त्याच कायद्यात कलम ११ आहे. डुक्कर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका झालं, आणि मालमत्तेत 'उभं पीक' स्पष्ट धरलेलं आहे, तर अधिकारी कारणं लिहून त्याला मारायची परवानगी देऊ शकतो. डुक्कर आधी तिसऱ्या अनुसूचीत होतं, २०२२च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत गेलं. अनुसूची बदलली, वाट तीच राहिली. केरळनं तर २०२२ साली ही परवानगी देण्याचा अधिकार पंचायतीपर्यंत खाली आणला.

म्हणजे मारायची परवानगी आहे. कशानं मारायचं, ते या कायद्यात लिहिलेलं नाही. किती अंतरावरून, कुठल्या गोळीनं, मारणाऱ्याला नेम येतो की नाही हे कोण बघणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं, डुक्कर जखमी होऊन उसात घुसलं तर त्याच्या मागे कोण जाणार? कायदा यावर मूग गिळून गप्प आहे. त्याला एवढंच पक्कं ठाऊक आहे की मेलेलं डुक्कर सरकारची मालमत्ता. म्हणजे भुईमूग उकरत असेपर्यंत ते कुणाचंच नाही, आणि मेलं रे मेलं की मालक हजर. मला हा वारसाहक्क फार आवडला.

जर्मनीत रानडुक्कर पुष्कळ. तिथंही ते मका आणि बटाटे उकरतं. तिथला कायदा काय म्हणतो? डुकरावर छऱ्यांचा बार टाकायला बंदी. रायफल ६.५ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, आणि शंभर मीटरवर गोळीत किमान २००० ज्यूल जोर शिल्लक पाहिजे. परवाना घेण्याआधी परीक्षा, त्यात नेमबाजीही. जखमी जनावर निसटलं तर शिकवलेलं कुत्रं घेऊन माग काढणं हा तिथल्या शिकाऱ्याच्या धर्माचा भाग. म्हणजे डुकरावर जे शस्त्र वापरायला जर्मनीत बंदी आहे, नेमकं तेच आपल्या कायद्यानं शेतकऱ्याच्या हातात सन्मानानं ठेवलं आहे. आम्ही गाईला माता म्हणतो, वराहाला अवतार म्हणतो, आणि त्याला मारायची वेळ आली की सायकलचं बेअरिंग काढतो.

इंग्रज साहेब इथं छावण्यांत राहून डुकरं मारायचे तेव्हाची गोष्टही ऐकून ठेवा. डुकराला गोळी घालणं त्यांच्यात कमीपणाचं मानत. घोड्यावरून पाठलाग करून भाल्यानंच मारायचं. स्काउट चळवळीवाल्या बेडन-पॉवेलनं १८८९ साली या खेळावर अख्खं पुस्तक लिहिलं. मला त्या खेळाचं कौतुक नाही, तो रिकामटेकड्या राज्यकर्त्यांचा माज होता. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सुळा लागला तर तो त्यांच्याच घोड्याच्या पोटात लागायचा. मारणारा आणि भोगणारा एकाच खोगिरावर बसलेले असायचे.

आमच्याकडं ते दोघे वेगळे झाले. कसे, ते सांगतो.

एका जानेवारीत मामानं रात्री उसाच्या कडेला बार काढला. डुक्कर ओरडलं आणि उसात शिरलं. मामानं बॅटरी मारून पाहिलं, दोन सऱ्या आत गेला आणि परत फिरला. काळ्या अंधारात, दहा फूट उंच उसात, जखमी नराच्या मागे कोण जाणार? मीही गेलो नसतो. दिवस उगवल्यावर बघू म्हणाला. दिवस उगवला तेव्हा कारखान्याची टोळी तोडीला आली होती. मामा सांगायला जाईपर्यंत कोयते चालू झाले होते. तीन सऱ्या तुटल्या आणि चौथ्या सरीत ते पडलेलं होतं. मेलेलं नव्हतं. बीडकडची एक बाई पुढं होती. सुळा मांडीत बोटभर आत गेला. तिला सोलापूरला आणताना मी गाडीत मागं बसलो होतो. तिच्या नवऱ्यानं वाटेत एकच विचारलं, "सायेब, आजचा खाडा धरतील का हो?"

बार मामाचा. सुळा तिच्या मांडीत. आणि डुक्कर, कायद्यानुसार, सरकारचं.

मामानं त्या वर्षी बंदूक ठाण्यात जमा केली ती परत आणली नाही. निवडणूक संपली तरी आणली नाही.

हे वाचून प्राणिमित्र म्हणतील, बघा, म्हणूनच आम्ही सांगतो, मारूच नका. त्यांच्यासाठी दोन शब्द. २०१६ साली केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्ये जाहीर भांडण झालं. मनेका गांधी प्रकाश जावडेकरांच्या पर्यावरण खात्यावर तुटून पडल्या, त्यात चंद्रपुरातल्या त्रेपन्न रानडुकरांचा हिशेबही मांडला. मरणारं जनावर मोजलं गेलं, हे चांगलंच झालं. पण ज्या तालुक्यांत परवानगी मिळत नाही तिथं डुक्कर मरत नाही, असा कुणाचा समज असेल तर त्यानं एकदा रात्री शिवारातून फिरून यावं. तिथं क्लचच्या तारेचा फास असतो. त्यात डुक्कर सापडतं, कधी बिबट्या सापडतो, आणि जे सापडतं ते दोन-दोन दिवस तडफडतं. तिथं बांधावरच्या तारेत उघडा वीजप्रवाह सोडलेला असतो. त्यात डुकराआधी शेजाऱ्याचं पोर जातं, नाहीतर पहाटे पाणी धरायला उठलेला मालक स्वतः जातो. तिथं पिठाच्या किंवा फळाच्या गोळ्यात दडवलेला गावठी बॉम्ब असतो. चावला की जबडा उडतो. केरळात २०२० साली असंच स्फोटकाचं फळ खाऊन एक गाभण हत्तीण नदीत उभ्याउभ्या मेली, तेव्हा सगळा देश रडला. महाराष्ट्रात जबडा उडालेल्या डुकरासाठी कुणी रडत नाही. गाईचा उडाला की गाव जमतं.

परवानगी देणार नाही, दिली तर शस्त्र सांगणार नाही, शस्त्र सांगितलं तर ते ठासणीचं. या तिन्हींचं फळ म्हणजे ती तार, तो प्रवाह आणि तो बॉम्ब. दयेच्या नावानं आपण क्रूरतेचा कारखाना चालवतोय, आणि त्याच्यावर कुणाच्या नावाची पाटी नाही.

कुंपणाचं मला सांगू नका. सौरकुंपण चांगलं आहे, जिथं परवडतं तिथं व्हावं. पण दोन एकर जिरायत ज्वारीवाल्याला विचारा, त्याला ते किती वर्षांत परवडेल. आणि भरपाईचा फॉर्म भरून पंचनाम्याची वाट बघत बसलेल्यानं तोवर काय करायचं? माणुसकीच्या गप्पा मारायच्या?

माझं म्हणणं एवढंच आहे. मारू नका, असं सरकार आणि समाज ठरवणार असेल तर डुकरानं खाल्लेल्या पिकाचा पूर्ण दाम वेळेवर द्या आणि गप्प बसा. आणि मारा, असं ठरवणार असाल तर नीट मारा. परवानगीच्या कागदावर रायफल कोणती, गोळी मऊ नाकाची की नाही, तिचं वजन किती, हे छापा. बार टाकणाऱ्याची नेमबाजी आधी कागदी लक्ष्यावर तपासा. ज्याला जमत नाही त्याच्या हातात चिंध्या आणि बेअरिंग देऊन त्याला शेतकरी म्हणून कुरवाळू नका, ती त्याचीही फसवणूक आहे. आणि प्रत्येक बारामागं लिहून घ्या : जनावर जखमी होऊन गेलं तर शेवटपर्यंत माग कोण काढणार, कुठलं कुत्रं घेऊन, आणि तोडीची टोळी तोवर फडाबाहेर कोण ठेवणार. हे लिहून द्यायला कुणी तयार नसेल तर बंदूक खाली.

शेतकरी संघटनांनाही एक सांगायचं आहे. विश्रामगृहात मंत्री उतरले की तुम्ही निवेदन देता, "डुकरं मारायची परवानगी द्या." ते निवेदन मी वाचलंय. त्यात परवानगी आहे, भरपाई आहे, घोषणा आहेत. तोडणी कामगारांचं नाव नाही. उसात पहिलं पाऊल टाकणारी ती बाई तुमच्या निवेदनात कधी येणार?

हे सगळं मी त्या पोरांना सांगितलं. चहा दोनदा झाला. तोळ्याचा हिशेब त्यांना आवडला, एकानं लगेच मोबाईलमध्ये टिपून घेतला. मेंढ्याचं ऐकून ते हसले. बाईचं सांगितलं तेव्हा हसले नाहीत, पण मोबाईलवर अंगठा फिरतच होता. शेवटी त्यांच्यातला जरा धीट होता तो म्हणाला, "ते समदं बरोबरे काका. पण गोळी कुठली भारी ते सांगा ना."

मी म्हणालो, "सांगतो. पण इथं नाही. जानेवारीत मोहोळला ये. पहाटे पाचला, ऊस ओला असतो तेव्हा. कुठं डुक्कर जखमी झाल्याची खबर आली की तुला फोन करतो. बंदूक नाही, फक्त काठी. आपण दोघं माग काढत आत जाऊ. तू पुढं, मी मागं. ते सापडलं की तिथंच सांगतो कुठली गोळी हवी होती."

त्यानं मित्रांकडं बघितलं. मित्रांनी रस्त्याकडं.

"जानेवारीत परीक्षा असती काका," तो म्हणाला, आणि चहाचे पैसे देऊन गाडीला किक मारली.